लक्षद्वीपहून मुंबईकडे : क्रूझवरचा शेवटचा दिवस निवांत कसा घालवावा

मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणाऱ्या क्रूझच्या प्रवासात अगत्ती बेट मागे पडल्यावर एक आख्खा दिवस असा येतो, की त्या दिवशी कोठेही उतरायचे नसते आणि पाहायला पाणी व आकाश यांखेरीज काही नसते. बहुतेक प्रवासी या दिवसाला परतीचा दिवस म्हणतात आणि तो बॅगा भरण्यात, बिलाच्या रांगेत उभे राहण्यात आणि सोमवारच्या कामाची आठवण काढण्यात घालवतात. मला स्वतःला हा दिवस साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बाकीच्या दिवसांत जहाज आपल्याला कोठेतरी पोहोचवत असते आणि या दिवशी मात्र आपण निव्वळ जहाजावर असतो. तो खरोखर मोकळा मिळावा यासाठी परतीची कामे आदल्या संध्याकाळी आणि सकाळच्या पहिल्या तासात उरकावी लागतात. ती कशी उरकावीत आणि नंतरच्या मोकळ्या वेळेचे काय करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

हा दिवस येतो कसा

अगत्ती साधारण ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मुंबई १९ अंशांवर. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखांशावर असल्यामुळे जहाज सरळ उत्तरेकडे जाते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणजे आठ अंशांचे अंतर सुमारे ४८० सागरी मैल होते. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा धरला तर जवळजवळ ८९० किलोमीटर. ताशी १६ सागरी मैलांच्या, म्हणजे १६ नॉट वेगाने हे अंतर कापायला तीस तास लागतात. संध्याकाळी पाचला निघालेले जहाज त्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास मुंबईबाहेर येऊ शकते, परंतु प्रवाशांना उतरवायचे सकाळी असल्यामुळे वेग त्या बेताने ठेवला जातो. हा हिशेब मनात असला की दिवसाला एक आकार येतो आणि आपण या क्षणी कोठे आहोत याचा अंदाज बांधता येतो. त्याचा उपयोग पुढे आहे.

आदली संध्याकाळ : वाळू, ओले कपडे आणि खिसे

अगत्तीला जहाज खाजणाबाहेर, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्याबाहेर, थांबते आणि लहान होड्यांतून बेटावर जावे लागते. तेथून परतल्यावर अंगावर मीठ आणि चपलांत वाळू असते. त्याच वेळी, चहाला जाण्यापूर्वी, पोहण्याचे कपडे गोड्या पाण्यात खळबळून घ्यावेत आणि घट्ट पिळून न्हाणीघरातल्या दोरीवर टाकावेत. केबिनमध्ये वातानुकूलन सतत सुरू असल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नक्की वाळतात. हेच काम शेवटच्या दिवशी संध्याकाळी केले, तर ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबावा लागतो आणि घरी पोहोचेपर्यंत साऱ्या बॅगेला कुबट वास लागतो. चपला गॅलरीत किंवा न्हाणीघरात आपटून वाळू काढावी.

त्याच वेळी मुलांचे खिसे आणि पिशव्या तपासाव्यात. पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे बेटावर पायाखाली येतात आणि मुले ते प्रेमाने उचलतात. मात्र प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे आणि मेलेला तुकडाही घरी नेणे योग्य नाही. खरे तर ही तपासणी होडीत बसण्यापूर्वीच करावी, म्हणजे तुकडा किनाऱ्यावर परत ठेवता येतो. मुलांना कारण समजावून सांगितले की ती ऐकतात. त्या बेटाचा किनारा आणि त्याची वाळू या प्रवाळातूनच घडते, एवढे सांगणे पुरते.

रात्री झोपण्यापूर्वी पलंगावर कपड्यांचे दोन ढीग करावेत. पुन्हा लागणार नाहीत असे सर्व कपडे एका ढिगात आणि उद्याचा दिवस, उद्याची रात्र व परवाची सकाळ यांना लागणारे कपडे दुसऱ्यात. पहिला ढीग तेव्हाच मोठ्या बॅगेत भरून ती बॅग पलंगाखाली सरकवावी. या कामाला जेमतेम वीस मिनिटे लागतात, पण त्यामुळे दुसऱ्या दिवशीची आख्खी संध्याकाळ वाचते.

सकाळचा पहिला तास : रिसेप्शन

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनच्या कार्डावर खर्च मांडला जातो आणि शेवटी बिल येते. ते शेवटच्या रात्री दाराखाली सरकवले जाईल अशी वाट पाहू नये, कारण त्यात चूक निघाली तर रात्री अकराला रिसेप्शनपुढच्या रांगेत उभे राहावे लागते. सकाळी साडेसात-आठच्या सुमारास सारे लोक नाश्त्याला गेलेले असतात आणि रिसेप्शन रिकामे असते. त्या वेळी आतापर्यंतचे बिल छापून मागावे आणि एका जागी बसून ओळीने वाचावे. मुलांनी परस्पर घेतलेली शीतपेये, केबिनमधल्या छोट्या फ्रीजमधील वस्तू आणि सेवाशुल्क या तीन ठिकाणी गैरसमज सर्वांत जास्त होतात. सेवाशुल्क आधीच लावलेले असेल तर स्वतंत्र बक्षिसी देणे सर्वस्वी आपल्या मनावर आहे. सुरुवातीला ठेव म्हणून डेबिट कार्डावरची रक्कम अडकवली असेल तर ती परत मिळायला किती दिवस लागतील, हेही तेथेच विचारून घ्यावे.

जहाजावरच्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो घ्यायचे असतील तर तेही दुपारच्या जेवणापूर्वी पाहून घ्यावेत, कारण रात्री त्या दालनात पाऊल ठेवायला जागा नसते. दुकानांतल्या शेवटच्या दिवसाच्या सवलतींसाठी मात्र मी वेळ काढत नाही. एका मेजावर मांडलेल्या घड्याळांसाठी आणि टोप्यांसाठी तासभर गर्दीत घालवावा, इतका हा दिवस स्वस्त नाही. स्पा आणि मसाजचेही तसेच. समुद्रावरच्या दिवशी त्यांना मागणी जास्त असते. ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी बंदराच्या दिवशी, बाकीचे प्रवासी किनाऱ्यावर असताना, दर विचारावेत.

बसण्याची जागा : सूर्य, वारा आणि नाळ

या दिवशी सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता असेल तर तो खुर्चीचा. जहाज उत्तरेकडे चालले आहे, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकी सारे आपोआप सुचते. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिले तर उजवा हात पूर्वेला, म्हणजे कोकणाच्या बाजूला असतो आणि डावा हात मोकळ्या अरबी समुद्राकडे. सकाळी ऊन उजव्या बाजूला पडते, म्हणून नाश्त्यानंतर सावली हवी असेल तर डावीकडे बसावे. दुपार कलली की उलट करावे आणि सूर्यास्तासाठी पुन्हा डावीकडे यावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरत असल्यामुळे भर दुपारचे ऊन पिछाडीच्या डेकवर तळपते. सकाळी अकरा ते तीन या वेळेत पाण्यावरून परावर्तित होणारे ऊनही लागते, त्यामुळे सावलीत बसणाऱ्यानेही चेहऱ्याला सनस्क्रीन लावावे.

वाऱ्याचाही असाच विचार करावा. हवा पूर्ण पडलेली असली तरी १६ नॉट वेगाने जाणारे जहाज स्वतःच ताशी तीस किलोमीटरचा वारा निर्माण करते. हिवाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेकडचे वारे असले की तो आणखी वाढतो आणि नाळेच्या बाजूला टोपी डोक्यावर राहत नाही. पुस्तक वाचायचे असेल तर जहाजाच्या मध्यभागी, भिंतीच्या आडोशाला, खालच्या डेकवर फेरी मारण्याची जी लांब मार्गिका असते तेथे खुर्ची ओढावी. वरच्या तलावाभोवती संगीत आणि स्पर्धा चालू असतात आणि पाणी फक्त तलावातच दिसते. खालच्या मार्गिकेवर समुद्र इतका जवळ असतो, की जहाजाच्या कडेने फुटणाऱ्या फेसाचा आवाज येतो. पाण्यातून एकाएकी सुटून चांदीच्या पात्यांसारखे तरंगत जाणारे उडते मासे पाहायचे असतील तर तेही येथूनच दिसतात. कठड्याशी उभे राहून जहाजापासून दूर पळणाऱ्या पहिल्या लाटेवर नजर ठेवावी. मासा दिसल्यावर बोट दाखवेपर्यंत तो पुन्हा पाण्यात शिरलेला असतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटे न बोलता नुसते पाहत राहावे.

तलावात उतरायचे असेल तर सकाळी सातला उतरावे. अकरानंतर तेथे पोहणे होत नाही, नुसते उभे राहणे होते.

न दिसणाऱ्या किनाऱ्यासोबत

मराठी माणसासाठी या दिवसात एक गोष्ट अशी आहे, जी दुसऱ्या कोणत्याही समुद्रावर मिळणार नाही. दिवसभर उजव्या हाताला गोवा आणि कोकण सरकत असतात, फक्त ते दिसत नाहीत. वरच्या डेकवर डोळ्यांची उंची पाण्यापासून २५ मीटर धरली तर क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते आणि जहाज किनाऱ्यापासून त्याहून पुष्कळ दूर असते. तरीही आपण कोणाच्या समोरून चाललो आहोत हे कळू शकते. केबिनमधल्या टीव्हीच्या एका वाहिनीवर सामान्यतः जहाजाचे अक्षांश-रेखांश दाखवतात. ती वाहिनी नसेल तर मुंबईहून निघण्यापूर्वी फोनमध्ये पश्चिम किनाऱ्याचा नकाशा उतरवून ठेवावा. फोन विमान-मोडवर असतानाही उघड्या डेकवर त्याला स्थान सापडते. नेटवर्क मात्र सुरू करू नये, कारण भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह-सेवेला जोडला गेला तर दर फार चढे असतात.

ताशी १६ सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या १६ कला (एका अंशाच्या ६० कला होतात), आणि पावणेचार तासांत एक अंश. त्या हिशेबाने सकाळी साडेदहाच्या सुमारास १५ अंश ३० कला येतात तेव्हा सरळ पूर्वेला पणजी असते. दुपारी साडेबाराच्या जवळपास १६ अंश ओलांडले की मालवण आणि सिंधुदुर्ग, ज्याचा पाया शिवाजी महाराजांनी १६६४ साली घातला. जेवण करून बाहेर यावे तोवर विजयदुर्ग, चारच्या चहाला रत्नागिरी आणि रात्र पडताना हर्णैचा सुवर्णदुर्ग. वेग कमी-अधिक झाला तर या वेळा पुढे-मागे होतील, क्रम बदलणार नाही. हे तिन्ही जलदुर्ग आणि मुंबईजवळचा खांदेरी २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. त्यांची ओळख आपल्याला जमिनीवरून असते. येथे आपण त्यांच्या समोरच्या पाण्यावर असतो, ज्या पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी ते बांधले गेले.

मी आईला घेऊन गेलो तेव्हा तिने दुपारभर वहीत वेळ आणि गाव अशी नोंद केली. रत्नागिरीच्या ओळीपुढे तिने माहेर एवढाच शब्द लिहिला आणि त्यानंतर बराच वेळ ती त्या दिशेला बसून राहिली. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीने सारे कुटुंब गावी जात असे. त्या बोटीच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांनी वडीलधाऱ्यांना या तासाला आवर्जून डेकवर आणावे, शेजारी बसावे आणि त्यांना बोलू द्यावे.

जेवण, झोप आणि बोट लागणे

शेवटच्या दिवशी बुफेची गर्दी एक ते दोन या वेळेत असह्य होते, कारण कोणीच बाहेर गेलेले नसते. पाने वाढून आणणारा डायनिंग हॉल त्या वेळी शांत असतो. जैन किंवा बिनतिखट जेवण हवे असेल तर नाश्त्याच्या वेळीच सांगून ठेवावे. दुपारी तासभर केबिनमध्ये पडदे ओढून झोपावे, कारण पुढची रात्र आणि पहाट जागण्यासारखी आहे.

ऑक्टोबर ते मे या हंगामात अरबी समुद्र एरवी शांत असतो, तरी काहींना मंद हेलकाव्यानेही बोट लागते. त्यांनी केबिनमध्ये डोळे मिटून पडून राहू नये. जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या डेकवर, मोकळ्या हवेत बसून क्षितिजावर नजर ठेवावी, कारण डोळ्यांना स्थिर दिसणारे आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलणारे जग यांचा मेळ बसत नाही तेव्हाच मळमळ होते. पोट रिकामे ठेवू नये. कोरडी बिस्किटे आणि आल्याचा तुकडा बरा पडतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी असेल तर ती त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी आणि तिने झोप येते हे धरूनच दिवस आखावा.

चार-साडेचारला, कामाच्या दोन पाळ्यांमध्ये, केबिन आवरणारे कर्मचारी थोडे मोकळे असतात. जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करत आली आहेत आणि आपल्या भाषेत कोणी चौकशी केली तर त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच आनंद दिसतो. अभिप्रायाच्या कागदावर छान सेवा असे मोघम लिहिण्याऐवजी त्या व्यक्तीचे नाव आणि तिने केलेले नेमके काम लिहावे. आपल्याला पाच मिनिटे लागतात आणि त्यांच्या पुढच्या करारासाठी त्याची किंमत असते.

बॅगा बाहेर ठेवताना

संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत किंवा क्रमांकाचे टॅग येतात. ते लावलेल्या मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेपर्यंत दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट दुसऱ्या दिवशी टर्मिनलमध्ये मिळतात. म्हणजे मधले दहा-बारा तास त्या आपल्या हाती नसतात. एका प्रवासात वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी मी बाहेर ठेवलेल्या बॅगेच्या कप्प्यात राहू दिली आणि पहाटे सहाला ते लक्षात आले. शेकडो बॅगांतून ती शोधणे कोणालाच शक्य नव्हते. बॅग साडेनऊला हाती आली आणि ते साडेतीन तास मी फार काळजीत काढले. तेव्हापासून मी खांद्यावरची पिशवी आधी भरतो आणि मोठी बॅग नंतर बंद करतो. त्या पिशवीत औषधे, ओळखपत्रे, चष्मा, चार्जर, दागिने, सकाळचे कपडे आणि पायातले जोडे एवढे असलेच पाहिजे. देशांतर्गत प्रवासात सरकारी ओळखपत्र लागते. परदेशी बंदर घेतलेले असेल तर पासपोर्ट. बॅग दाराबाहेर ठेवण्यापूर्वी तिजोरी, उशीखालची जागा आणि न्हाणीघराच्या दारामागची खुंटी पाहावी.

ज्यांच्याकडे उचलता येईल इतकेच सामान आहे त्यांनी ते बाहेर ठेवूच नये. सामान स्वतः नेणाऱ्यांना सहसा आधी उतरू देतात.

रात्र आणि पहाट

रात्रीचा कार्यक्रम पाहून लोक झोपायला जातात तेव्हा डेकवर पुन्हा एकदा यावे आणि दिव्यांपासून दूर, अंधारा कोपरा शोधावा. डोळे अंधाराला सरावायला किमान पंधरा मिनिटे द्यावीत आणि त्या वेळात फोन उघडू नये. जहाज उत्तरेकडे चाललेले असल्यामुळे ध्रुवतारा नाळेच्या दिशेला असतो आणि त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच आपला अक्षांश. हात सरळ पुढे धरून मिटलेली मूठ पाहिली तर ती साधारण दहा अंश व्यापते. अगत्तीला क्षितिजापासून जेमतेम एका मुठीवर असलेला ध्रुव या रात्री दोन मुठींच्या जवळ चढलेला असतो. आदल्या रात्री मोजून ठेवले असेल तर आपण किती उत्तरेला आलो ते हातानेच कळते. हिवाळ्यात संध्याकाळी तो शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाची मदत होते. दहा-अकरानंतर पिछाडीला जावे. डिसेंबर-जानेवारीत तेथे दक्षिण आकाशात, जहाजाने मागे सोडलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या वर, अगस्ती झळकत असतो. ज्या ऋषीने समुद्र पिऊन टाकला त्याचा तारा असा भर समुद्रावरून मुलांना दाखवता आला, तर ती गोष्ट सांगायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

नंतर गजर लावून झोपावे. नेमकी वेळ रिसेप्शनला विचारावी, पण उजाडण्याच्या किमान दोन तास आधी वर असावे. हिवाळ्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो. अंगावर शाल किंवा जाड सदरा असावा. वेग बराच कमी झालेला असतो आणि समोर मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे विखुरलेले दिसतात. उजव्या हाताला ठरावीक अंतराने चमकणारा प्रकाश खांदेरीचा. हे बेट आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते आणि तेथील दीपगृह १८६७ सालचे आहे. थोड्या वेळाने डाव्या हाताला, कुलाब्याच्या टोकापुढे, १८७५ साली बांधलेले प्राँग्ज दीपगृह दिसू लागते. याच सुमारास जमिनीवरून मतलई वारा येतो आणि कित्येक दिवसांनी धूर, माती आणि मासळी यांचा मिसळलेला वास नाकाला कळतो. बंदराची वाट दाखवणाऱ्या पायलटची लहान बोट जहाजाच्या कडेला येऊन चालत्या जहाजाबरोबर धावू लागते, वरून दोराची शिडी सोडली जाते आणि एक माणूस ती चढून वर येतो. हे सारे पाहण्यासाठी वरच्या डेकवर पहाटे फार तर दहा-बारा जण असतात.

उतरण्याची घाई करू नये. आपल्या टॅगचा क्रमांक पुकारला जाईपर्यंत नाश्ता करून डेकवरच थांबावे आणि त्यासाठी पुढची गाडी किंवा विमान दुपारनंतरचे घ्यावे. बॅलार्ड पिअरला जहाज लागताना दोर आधी बारीक फेकतात, त्याला बांधलेला जाड दोरखंड धक्क्यावरचे कामगार ओढून घेतात आणि खुंट्यांवर चढवतात. पुढचे दोन, मागचे दोन, मग मधले. शेवटचा दोर ताणला गेला की पायाखालची ती बारीक थरथर, जिची चार-पाच दिवसांत इतकी सवय झालेली असते की ती जाणवतही नाही, हळूहळू कमी होत थांबते.